‘ॲबॉमिनेबल’मध्ये माणूस नाही, अपशकुन आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दसदरात ‘ॲबॉमिनेबल’ या इंग्रजी शब्दाची फोड ‘अब’ म्हणजे दूर आणि ‘होमो’ म्हणजे माणूस अशी दिली होती. त्यावरून ‘माणसाला न शोभणारे, म्हणून किळसवाणे’ असा अर्थही लावला होता. शब्दाचा अर्थ बरोबर आहे, फोड चुकीची आहे. कोल्हापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी शेकडो मुले असली सदरे कापून वहीत चिकटवतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लॅटिनमध्ये शकुनाला ‘ओमेन’ म्हणत. त्याची षष्ठी ‘ओमिनिस’, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे अंग ‘ओमिन’ असे होते. त्याला ‘अब’ हा उपसर्ग लागून ‘अबोमिनारी’ हे क्रियापद तयार झाले. पक्ष्याच्या उडण्याची दिशा, विजेचा कडकडाट, अवचित कानावर पडलेला एखादा शब्द यांवरून रोमन माणूस शुभाशुभ ठरवी. अशुभ काही दिसले की ते आपल्यापासून दूर राहो असे म्हणून तो ते झिडकारी. त्या झिडकारण्याला ‘अबोमिनारी’ म्हणत. आपल्याकडे ‘इडा पीडा टळो’ म्हणतात त्यातला भाव हाच. अशुभ म्हणून टाळायचे, टाळायचे म्हणून नकोसे, आणि नकोसे म्हणून पाहवतही नाही, असा अर्थ सरकत गेला. फ्रेंचच्या वाटेने ‘ॲबॉमिनेशन’ हे नाम आणि ‘ॲबॉमिनेबल’ हे विशेषण चौदाव्या शतकात इंग्रजीत आले. ‘ॲबॉमिनेट’ हे क्रियापद बऱ्याच नंतरचे, सतराव्या शतकातले. ‘ऑमिनस’ म्हणजे अशुभसूचक हे याचे सख्खे भावंड. ते डोळ्यांसमोर असते, तर फोड चुकली नसती.

चूक का होते तेही पाहण्यासारखे आहे, कारण ती काही आजची नाही. माणूस या अर्थाचा लॅटिन शब्द ‘होमो’, षष्ठी ‘होमिनिस’, अंग ‘होमिन’. ‘ओमिन’ आणि ‘होमिन’ यांत डोळ्याला दिसणारा फरक एका ‘ह’चा. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडून हा ‘ह’ फार लवकर गळाला होता, त्यामुळे कानालाही फरक कळेना. स्वराची लांबी वेगळी होती, ‘ओमेन’मधला ‘ओ’ दीर्घ आणि ‘होमो’मधला ऱ्हस्व, पण बोलण्यातून तीही पुढे हरवली. मग मध्ययुगातील लेखनिकांना वाटले की शब्दात माणूसच दडलेला आहे. त्यांनी लॅटिन लिहिताना ‘ह’ घुसवला, आणि तोच इंग्रजीत ‘ॲबहॉमिनेबल’ होऊन शेकडो वर्षे राहिला. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या १५९८ साली छापलेल्या नाटकात होलोफर्नीस नावाचा पंतोजी आहे. लोक ‘ह’ गाळून ‘ॲबॉमिनेबल’ म्हणतात म्हणून तो चिडतो. त्याच तोंडाने तो ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका या शब्दांतला ‘बी’ उच्चारावा असाही आग्रह धरतो.

विद्यार्थ्यांना दाखवावी अशी जागा ही आहे. ‘डेट’मधला ‘बी’ही पंडितांनीच मागाहून घुसवला. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हता. पण लॅटिन ‘देबितुम’मध्ये ‘ब’ खरोखरच होता, त्यामुळे उच्चारात नसला तरी लेखनात तो टिकला. ‘ॲबहॉमिनेबल’मधल्या ‘ह’ला मुळात कसलाच आधार नव्हता, आणि तो गेला. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशात शब्द ‘ह’शिवाय आहे. म्हणजे पुरवणीत छापलेली फोड इंग्रजीने स्वतः अडीचशे वर्षांपूर्वीच टाकून दिलेली आहे.

फोड बरोबर की चूक हे घरबसल्या तपासता येते. पहिली पायरी म्हणजे शब्दाचे सर्वांत जुने रूप कोणते आणि कोणत्या शतकातले, हे व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात पाहणे. आजचे स्पेलिंग पुरावा म्हणून धरू नये. नंतर फोड केल्यावर एखादे अक्षर उरते किंवा कमी पडते का ते पाहावे. ‘अब’ आणि ‘होमिन’ जोडले तर ‘ह’ यायला हवा, तो आजच्या शब्दात नाही. मग तो कुठे गेला याचे उत्तर फोड करणाऱ्याने दिले पाहिजे. त्यानंतर भावंडे शोधावीत. आणि शेवटी जुना अर्थ ते आजचा अर्थ हा प्रवास एकेका पायरीने दाखवता येतो का ते पाहावे. अर्थ नुसता जुळणे पुरेसे नसते. ‘माणसाला न शोभणारे’ हा अर्थ इतका छान जुळतो की पाचशे वर्षे लोक त्याला भुलले. मोठा इंग्रजी कोश घरी नसला तर ‘एटिमऑनलाइन’ हे मोफत संकेतस्थळ शाळेच्या पातळीवर पुरेसे आहे. मराठी शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश आहेतच.

किळस या अर्थाच्या बाकीच्या इंग्रजी शब्दांना हीच परीक्षा लावली की त्यांचे अर्थ नुसते पाठ करावे लागत नाहीत. ‘ॲबहॉर’ घ्या. इथे मात्र ‘ह’ खरा आहे. लॅटिन ‘होर्रेरे’ म्हणजे केस उभे राहणे, अंगावर काटा येणे. ‘अब’ लागून ‘अंगावर काटा येऊन मागे सरणे’. ‘हॉरर’ आणि ‘हॉरिड’ हे त्याच घरातले. मराठी वाचकाने इथे थांबून पाहावे, कारण हा ‘होर्रेरे’ आणि आपला संस्कृत ‘हृष्’ धातू एकाच मुळाचे आहेत. ‘रोमहर्ष’ म्हणजे अंगावरचे केस उभे राहणे. आपल्याकडे ते आनंदानेही उभे राहिले आणि ‘हर्ष’ हा शब्द सुखाकडे गेला. लॅटिनमध्ये ते भीतीने उभे राहिले आणि ‘हॉरर’ झाला. एवढेच काय, ‘अब’ आणि संस्कृत ‘अप’ हेही एकाच मुळाचे.

असे सांगितले की लगेच ‘म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असा निष्कर्ष मोबाइलवर फिरू लागतो. तो चुकीचा आहे. दोन्ही शब्द त्याहून जुन्या एका भाषेतून स्वतंत्रपणे उतरले आहेत. ते चुलत भाऊ आहेत, बाप आणि मुलगा नव्हेत. आणि हे नाते नुसत्या आवाजाच्या साम्यावर ठरत नाही, बदल नियमाने झालेला असावा लागतो. लॅटिनमध्ये ‘र’नंतरचा ‘स’ हा ‘र’मध्ये मिसळून जोड ‘र्र’ झाला. म्हणून संस्कृत ‘हृष्’समोर लॅटिन ‘होर्रेरे’ उभा राहतो, तसाच ‘तृष्’समोर ‘तोर्रेरे’, म्हणजे वाळवणे, भाजणे. त्यापासून ‘टॉरिड’, म्हणजे रखरखीत. इंग्रजी ‘थर्स्ट’ म्हणजे तहान हाही त्यांचाच भाऊ, आणि त्याने मूळचा ‘स’ जपून ठेवला आहे. ‘ह’समोर ‘ह’ येणे हाही नियमच: संस्कृत ‘वह्’, लॅटिन ‘वेहो’, म्हणून आपले ‘वाहन’ आणि इंग्रजी ‘व्हेइकल’. दोन शब्द जुळले तर योगायोग असू शकतो. चार जोड्या एकाच पद्धतीने जुळल्या तर तो नियम.

‘डिटेस्ट’मध्ये साक्षीदार आहे. लॅटिन ‘तेस्तिस’ म्हणजे साक्षी. ‘देतेस्तारी’ म्हणजे देवाला साक्षी ठेवून शाप देणे. ‘टेस्टिफाय’, ‘प्रोटेस्ट’, ‘अटेस्टेड कॉपी’मधला ‘अटेस्ट’ ही सगळी भावंडे. खुद्द ‘तेस्तिस’ हा ‘तिसरा म्हणून उभा राहणारा’ या अर्थाचा आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपला ‘तिऱ्हाईत’ त्याला किती जवळचा आहे! ‘डिस्गस्ट’मध्ये चव आहे: ‘गुस्तुस’ म्हणजे चव, ‘डिस’ने ती उलटली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला. ‘नॉशिया’मध्ये जहाज आहे. ग्रीक ‘नाउस’ म्हणजे नौका, आणि मळमळ ही मूळची बोट लागण्याची. आपली ‘नौ’ आणि तो ‘नाउस’ पुन्हा चुलत भाऊच.

‘रिव्हल्शन’ आणि ‘रिपल्शन’ या दोन शब्दांत मुले हमखास गोंधळतात. पहिल्यात ‘वेल्लेरे’, म्हणजे ओढणे, उपटणे. ‘कन्व्हल्शन’ म्हणजे आचके हे त्याचे भावंड. दुसऱ्यात ‘पेल्लेरे’, म्हणजे ढकलणे. ‘प्रोपेलर’ त्याचे भावंड. ‘रिव्हल्शन’ हा आधी वैद्यकातला शब्द होता, शरीराच्या एका भागातला दोष दुसरीकडे ओढून काढणे या अर्थाचा. मन झटक्यात मागे ओढले जाणे, म्हणजे किळस, हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला.

या सगळ्यांत अस्सल इंग्रजी मातीतला शब्द एकच, ‘लोद’, म्हणजे किळस वाटणे. बाकीचे लॅटिन-ग्रीककडून आलेले. जुन्या इंग्रजीत ‘लाथ’ म्हणजे वैरी, नकोसा. जर्मन ‘लाइड’ म्हणजे दुःख हा त्याचा नातलग. त्याच्या क्रियापदाची गंमत मराठी माणसाला पटकन कळेल. जुन्या इंग्रजीत ‘मी लोद करतो’ अशी रचना नसून ‘ते मला लोद होते’ अशी होती. नकोशी वस्तू कर्ता, आणि ज्याला नकोशी तो चतुर्थीत. आपण आजही ‘मला किळस येते’ असेच म्हणतो, ‘मी किळसतो’ असे क्वचितच. इंग्रजीने पुढे माणसाला कर्ता केले, मराठीने ती भावना बाहेरून येणारीच ठेवली. म्हणून ‘आय लोद इट’चे ‘मी त्याची किळस करतो’ असे भाषांतर कानाला खटकते.

याच शब्दात परीक्षेत गुण जातात, म्हणून उच्चार आणि लेखन नीट सांगतो. शेवटी ‘ई’ असलेला शब्द क्रियापद आहे. त्याचा शेवट दंत्य ‘द’सारखा घोष होतो. ‘ई’ नसलेला विशेषण आहे. त्याचा शेवट ‘थ’सारखा अघोष, आणि अर्थ ‘नाखूश, राजी नसलेला’. ‘ही वॉज लोथ टू गो’ म्हणजे तो जायला नाखूश होता. त्यात किळस नाही. ‘लोदसम’ लिहिताना ‘टीएच’नंतर ‘ई’ येत नाही. लोद, ॲबहॉर, डिटेस्ट, ॲबॉमिनेट या चौघांपुढे क्रियापद ‘इंग’ लावून येते: ‘आय डिटेस्ट वेटिंग’. ‘टू’ लावणारे उत्तर चुकते. ही चारही क्रियापदे सहसा चालू काळात वापरत नाहीत. ‘रिपग्नंट’ आणि ‘ॲबहॉरंट’ या किळसवाणे अशा अर्थाच्या विशेषणांपुढे ‘टू’ येते. ‘डिस्गस्टेड’पुढे ‘ॲट’, ‘बाय’ किंवा ‘विथ’ येते, ‘फ्रॉम’ कधीच नाही. जोराच्या दृष्टीने ‘लोद’ रोजच्या बोलण्यातला आणि तीव्र, ‘डिटेस्ट’ त्याच तोलाचा, ‘ॲबहॉर’ तत्त्वाच्या विरोधासाठी आणि औपचारिक, तर ‘ॲबॉमिनेट’ ग्रांथिक आणि आज विरळा.

आता आपल्या पानांवरच्या मराठीबद्दल. हिंदीच्या प्रभावाने या सगळ्या शब्दांसाठी सर्रास ‘घृणा’ छापले जाते. मराठीकडे याहून बारीक वाटण्या आहेत. काकवीचेच पाहा. गुऱ्हाळावर दिवसभर काकवी खाल्ली की गोडाचा वीट येतो, काकवीची किळस येत नाही. त्याच काकवीत माशी पडलेली दिसली की किळस येते, वीट येत नाही. अतीचा तो वीट आणि उबग. घाणीची ती किळस. पंचगंगेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पाहून अंग शहारते ती शिसारी. पोटातून येते ती मळमळ, ओकारी. माणसाच्या वागण्याबद्दल तिटकारा. दुसऱ्याला कमी लेखणे म्हणजे तिरस्कार. ‘तिरस्’ म्हणजे आड, बाजूला, त्यात किळस असेलच असे नाही. ‘डिस्गस्टेड विथ पॉलिटिक्स’ला ‘राजकारणाचा वीट आला’ हे नेमके भाषांतर आहे, ‘राजकारणाबद्दल घृणा’ नव्हे. लिंगही सांभाळावे: हा वीट पुल्लिंगी, भिंतीतली वीट स्त्रीलिंगी.

‘घृणा’ वापरायचीच तर तिचा इतिहास माहीत असावा. संस्कृतात ‘घृणा’चा एक अर्थ करुणा, मनाचा ओलावा असा होता, किळस हा दुसरा. मराठीने किळसेचा अर्थ घेतला, पण जुना अर्थ एका शब्दात तसाच जिवंत आहे. तो आपल्या पहिल्या पानावर नेहमी दिसतो: ‘निर्घृण हत्या’. निर्घृण म्हणजे किळस नसलेला नव्हे, दयामाया नसलेला.

आणि ‘ॲबॉमिनेबल’ला मराठीत जोड हवी असेल तर ती ‘अमंगळ’. अशुभ या अर्थाने सुरू होऊन ओंगळ, किळसवाणे इथपर्यंतचा तोच प्रवास या शब्दाने मराठीत केला. तुकोबांच्या ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’मध्ये तो नैतिक निषेधाच्या टोकाला पोचला आहे. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘ॲबॉमिनेशन’ला जे वजन आहे, ते इथे पूर्णपणे उतरते.

दिसेल तशी फोड करू नये हा धडा पाणिनीकडेही मिळतो. ‘पिपासा’ म्हणजे पिण्याची इच्छा, ‘जिज्ञासा’ म्हणजे जाणण्याची इच्छा; ‘सन्’ प्रत्ययाचा अर्थ इच्छा. त्याच न्यायाने ‘जुगुप्सा’ म्हणजे ‘गुप्’ची, रक्षण करण्याची किंवा लपवण्याची इच्छा असे कोणीही म्हणेल. पण ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’ हे ३.१.५ क्रमांकाचे सूत्र गुप्, तिज् आणि कित् या तीन धातूंना हाच प्रत्यय इच्छेच्या अर्थाशिवाय लावते. त्यातून जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा हे शब्द येतात: किळस, सोसणे, उपचार. तिन्हींत इच्छा नाही. पुढच्याच सूत्राने ‘बध्’ धातूपासून ‘बीभत्स’ची सोय होते. भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव आहे, म्हणजे किळसेचे हे दोन्ही शब्द व्याकरणात शेजारी शेजारीच बसले आहेत.

वृत्तपत्रात छापलेला शब्द किती लांब जातो याचा दाखलाही याच शब्दाचा आहे. १९२१ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचे नेते हॉवर्ड-बरी यांना बर्फात मोठे ठसे दिसले. ते लांडग्याचे असावेत असे त्यांचे मत होते, पण बरोबरच्या हमालांनी स्थानिक नाव घेतले. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी त्या नावाचे भाषांतर ‘ॲबॉमिनेबल स्नोमॅन’ असे केले, आणि शंभर वर्षे जगभर तेच चालले. मराठीने ‘हिममानव’ म्हटले आणि किळस गाळली, ते चांगले केले.

विनंती अशी की दुरुस्ती छापताना नुसती ‘चूक झाली’ अशी ओळ देऊ नये. ‘अब’ आणि ‘ओमेन’ ही फोड, ‘ऑमिनस’ हे भावंड, ‘अमंगळ’ हा मराठी जोड आणि उच्चाराचा जोर ‘बॉ’वर, एवढे चार ओळींत बसते. पुढच्या भागासाठी शब्द हवा असेल तर ‘नॉइसम’ घ्यावा. दुर्गंधीने किळस आणणारे असा त्याचा अर्थ. ‘नॉइज’ म्हणजे गोंगाटाशी त्याचा काहीही संबंध नाही. तो ‘ॲनॉय’चा आखूड झालेला भाऊ आहे, आणि ‘ॲनॉय’ निघाला आहे लॅटिन ‘इन ओदिओ’पासून, म्हणजे ‘नकोसेपणात’. बहुतेक मुले तिथे ‘गोंगाट करणारा’ या पर्यायावर खूण करतात.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर